कोल्ड रूमचा हाय टेम्परेचर अलार्म: आधी आलेख, मग पाना

कोल्ड रूमचा अलार्म वाजतो तेव्हा बिघाड ताजा नसतो. समजा खोली ३ अंश सेल्सिअसवर लावली आहे, अलार्मची वरची मर्यादा ८ अंश आहे आणि विलंब ६० मिनिटांचा. म्हणजे आवाज कानावर पडला तेव्हा खोली तासाभरापासून ८ च्या वर आहे. ३ वरून ८ वर चढायला लागलेला वेळ वेगळाच. हा विलंब मुद्दाम ठेवलेला असतो, नाहीतर माल उतरवताना आणि प्रत्येक डीफ्रॉस्टनंतर (म्हणजे खोली थंड करणाऱ्या कॉइलवरचा बर्फ उतरवल्यानंतर) अलार्म बोंबलत राहील. पण त्यामुळे अलार्म फक्त 'गरम आहे' एवढंच सांगतो. का गरम आहे, हे तापमान कोणत्या चालीने चढलं त्यात दिसतं.

सर्वात आधी कंट्रोलरवरचा कोड वाचून लिहून ठेवा. डिक्सेल कंपनीच्या कंट्रोलरवर 'एचए', कॅरेलच्या 'एचआय', एलिवेलच्या 'एएच१' म्हणजे हवेचं तापमान मर्यादेबाहेर गेलं. डिक्सेलवर 'पी१', कॅरेलवर 'ई०' किंवा एलिवेलवर 'ई१' दिसत असेल तर खोलीचा सेन्सरच गेला आहे. अशा वेळी बरेचसे कंट्रोलर ठरवून दिलेल्या मिनिटांच्या हिशेबाने कॉम्प्रेसर चालू-बंद करतात. तो हिशेब नीट भरलेला नसेल तर खोली हळूहळू गरम होते किंवा माल गोठतो.

पुढचं सगळं २ ते ४ अंशांच्या खोल्या आणि उणे १८ च्या आसपासचे फ्रीझर, दोन्हींसाठी आहे. अमोनियाच्या प्लांटला गॅसचा, म्हणजे नळ्यांतून फिरणाऱ्या रेफ्रिजरंटचा, भाग लागू नाही.

## पहिली दहा मिनिटं मालाची

वेळ आणि डिस्प्लेवरचा आकडा लिहा. दार बंद करा. नवा माल आत जाणार नाही असं सांगून ठेवा. मग स्वतंत्र थर्मामीटरने मालाचं तापमान घ्या: दोन खोक्यांच्या मध्ये, दाबून, दोन-तीन मिनिटं थांबून. एक वाचन दाराजवळचं, एक मधलं, एक सर्वात वरच्या रॅकवरचं.

हवा झटकन तापते, माल सावकाश. गच्च भरलेल्या खोलीत हवा ९ अंश दाखवत असताना खोक्यातला माल अजून ४ वर असू शकतो. अर्धी रिकामी खोली मात्र फार लवकर हातची जाते, कारण थंडी साठवून ठेवायला माल कमी असतो. माल हलवायचा की नाही हा निर्णय मालाच्या आकड्यावर घ्यायचा, हवेच्या नाही. २ ते ८ अंशांत ठेवायच्या लसी किंवा औषधं असतील तर स्वतःच्या अंदाजाने फेकू नका आणि वापरूही नका. वेगळ्या, योग्य तापमानाच्या जागी हलवा, 'वापरू नये' अशी चिठ्ठी लावा, किती वेळ किती तापमानाला होत्या ते लिहा आणि ज्यांचा अधिकार आहे त्यांना विचारा.

फ्रीझरमध्ये तपासायला जाणाऱ्याने बाहेर एक माणूस उभा करावा आणि दार आतून उघडणारी मूठ चालते का ते आधी पाहावं. गॅस गळतीची शंका असेल तर दार उघडून खोली हवेशीर झाल्याशिवाय आत जाऊ नका. बहुतेक रेफ्रिजरंट हवेपेक्षा जड असतात, जमिनीलगत साठतात आणि श्वासाची हवा बाजूला सारतात. प्रोपेनवर चालणाऱ्या युनिटजवळ आत जाण्याआधी ठिणगी पडेल असं काहीही नको.

सेटिंग खाली आणायचा मोह टाळा. ३ चं उणे २ केल्याने खोली लवकर थंड होत नाही. कॉम्प्रेसर आधीच न थांबता धावतोय, त्याच्याकडे आणखी जोर नाही. नुकसान मात्र होतं. हीटर नसलेल्या खोल्यांत डीफ्रॉस्ट होतो तो खोलीतल्या शून्यापेक्षा गरम हवेने. ती हवाच शून्याखाली गेली तर कॉइलवरचा बर्फ कधीच उतरणार नाही.

## खोली खरंच गरम आहे का?

स्वतंत्र थर्मामीटर कंट्रोलरच्या सेन्सरशेजारी दहा मिनिटं टांगा. दोघांत एक अंशापर्यंत फरक असेल तर सेन्सरवर विश्वास ठेवा आणि पुढे चला. तीन-चार अंशांचा फरक असेल तर सेन्सर काढून बर्फाच्या लगद्यात बुडवा. भांडं चुरलेल्या बर्फाने काठोकाठ भरायचं, त्यात जेमतेम बर्फ भिजेल एवढंच पाणी घालायचं, ढवळायचं आणि पाच मिनिटं थांबायचं. नुसत्या पाण्यात चार खडे टाकून शून्य मिळत नाही.

सेन्सरची तार कंट्रोलरमधून सोडवून मल्टिमीटर लावला तर आणखी कळतं. या कामात नेहमी दिसणारा १० किलोओहमचा एनटीसी (थंडीत विजेचा रोध वाढणारा सेन्सर) २५ अंशांना १० किलोओहम, शून्याला साधारण २७ आणि उणे २० ला साधारण ६८ किलोओहम दाखवतो. बाजारात वेगळ्या तक्त्याचेही १० किलोओहमचे एनटीसी मिळतात, ते शून्याला ३३ च्या आसपास असतात. बदली करताना असा सेन्सर लागला तर २५ अंशांना बरोबर दाखवतो आणि थंडीत चुकतो. प्लॅटिनमचा पीटी-१००० सेन्सर शून्याला १००० ओहम आणि २५ अंशांना १०९७ ओहम असतो.

एनटीसीचा एक खोडसाळ दोष वारंवार दिसतो. सेन्सरच्या जोडात किंवा केबलच्या सालीत पाणी शिरतं आणि दोन तारांमध्ये गळती सुरू होते. ही गळती १०० किलोओहमची धरा. शून्य अंशाच्या खोलीत २७ किलोओहमला ती समांतर लागली की कंट्रोलरला साडेएकवीस दिसतात, म्हणजे साधारण साडेपाच अंश. उणे २० च्या फ्रीझरमध्ये हीच गळती डिस्प्लेवर उणे ९ दाखवते. अलार्म वाजतो, कॉम्प्रेसर थांबत नाही, आणि खोली खरं तर गरजेपेक्षा थंड होत चाललेली असते. हिरव्या भाज्या काळवंडल्या आणि डिस्प्ले ७ दाखवतोय, असं दिसलं की आधी सेन्सरचा जोड उघडा. पीटी-१००० मध्ये उलटं: तिथे गंजलेला जोड त्रास देतो, कारण प्रत्येक अंशाला ३.८५ ओहमच वाढतात. जोडात ८ ओहम आले की दोन अंश जास्त दिसले.

सेन्सर चांगला असूनही जागा चुकलेली असू शकते. तो कॉइलकडे परत येणाऱ्या हवेत हवा. दारावर, दिव्याशेजारी किंवा खोक्यांच्या मागे दबलेला नको.

## आलेख वाचा

कंट्रोलरमध्ये किंवा नोंदयंत्रात मागच्या किमान सात दिवसांचा आलेख असेल तर तो उघडा. नसेल तर रोजच्या नोंदवहीतले आकडे कागदावर मांडा. हे काम दहा मिनिटांचं आहे आणि दोन तासांची उघडझाक वाचवतं.

तापमान व्यवस्थित करवतीच्या दात्यांसारखं चाललं होतं आणि एका क्षणापासून सरळ वर गेलं: काहीतरी थांबलं आहे. वीज, कॉम्प्रेसर, कॉइलचे पंखे, किंवा डीफ्रॉस्टमध्ये अडकलेला टायमर. थेट पॅनेलकडे जा.

आठवडाभर रोज अर्धा-एक अंश वर सरकत आलं: कॉइल बर्फाने भरत चालली आहे, कंडेन्सर (उष्णता बाहेर टाकणारी बाहेरची जाळी) धुळीने चोक होतोय किंवा गॅस हळूहळू जातोय. यात बर्फाची शक्यता सर्वात जास्त.

दिवसा चढतं, रात्री पूर्ण उतरतं: दार, मालाची ये-जा, किंवा बाहेरच्या उन्हात गुदमरणारा कंडेन्सर. सुट्टीच्या दिवशीचा आलेख शेजारी ठेवला की निवाडा होतो. सुट्टीला आलेख सपाट असेल तर दार आणि माल, सुट्टीलाही दुपारी चढत असेल तर कंडेन्सर.

दर सहा तासांनी एक सुळका येतो आणि प्रत्येक सुळका आधीच्यापेक्षा रुंद: डीफ्रॉस्ट बिघडलाय. एकतर तो वेळेवर थांबत नाही किंवा बर्फ न उतरताच संपतो.

एकदाच मोठी उडी आणि मग अत्यंत सावकाश उतार: बहुधा कोणीतरी गरम माल आत ठेवला. कोल्ड रूम माल थंड ठेवण्यासाठी असते, थंड करण्यासाठी नाही. बऱ्याच खोल्यांची मशीनं दिवसाला १६ ते १८ तास चालतील अशा हिशेबाने निवडलेली असतात, म्हणजे हाताशी राखीव ताकद फार थोडी. बाहेरच्या तापमानाचा टनभर माल एका दुपारी आत गेला तर निरोगी मशीनलाही दुसरा दिवस उजाडतो. यात दुरुस्त करण्यासारखं काहीही नसतं.

## दार

दाराचा रबर तपासायला कागदाची पट्टी पुरते. दारात धरून दार लावा आणि ओढा. सहज निसटली तिथे फट. चारही बाजूंना हातभर अंतरावर ओढून पाहा, विशेषतः खालचा कोपरा आणि बिजागरीची बाजू. खोलीत अंधार करून आतून पाहिलं तर उजेडाची रेघही दिसते. फ्रीझरच्या चौकटीत हीटरची तार असते. ती गेली की रबर चौकटीला गोठून चिकटतो आणि दार ओढताना फाटतो. रबर वारंवार फाटत असेल तर आधी तार तपासा, मग नवा रबर लावा.

पट्ट्यांचा पडदा अडचण होते म्हणून बाजूला बांधून ठेवलेला असतो. तो सोडा. दाराच्या चौकटीतला मायक्रोस्विच दाबून पाहा: अनेक खोल्यांत दार उघडलं की कॉइलचे पंखे थांबतात. हा स्विच वाकला किंवा अडकला तर दार बंद असूनही पंखे बंदच राहतात आणि माणसं कॉम्प्रेसर खोलून बसतात.

## कॉइल, पंखे आणि बर्फ

अलार्मच्या तक्रारींपैकी मोठा वाटा इथे निघतो, म्हणून घाई न करता पाहा.

आधी पंखे. सगळे फिरतात का, एकाच वेगाने फिरतात का, उलटे तर फिरत नाहीत ना. तीन फेजच्या पंख्यांच्या दोन तारा अदलाबदल झाल्या तर पंखा उलट फिरतो. हवा थोडी येते, पण पुरेशी नाही. तीनपैकी एक पंखा बंद असेल तर त्याच्या तोंडातून बाकी दोघांची हवा परत फिरते, त्यामुळे नुकसान एक तृतीयांशापेक्षा जास्त होतं. माल कॉइलच्या तोंडासमोर छतापर्यंत रचला असेल तर तो खाली घ्या.

मग झाकण उघडून टॉर्चच्या उजेडात कॉइल पाहा. बर्फ कुठे आणि कसा आहे, त्यावरून पुढचा रस्ता ठरतो.

सगळ्या कॉइलवर एकसारखा पातळ पांढरा थर, पानांमधून (कॉइलच्या पातळ पत्र्यांमधून) पलीकडचा उजेड दिसतो: ठीक आहे, डीफ्रॉस्टची वेळ जवळ आली असावी.

गॅस शिरतो त्या टोकालाच बर्फ आणि उरलेली कॉइल कोरडी: कॉइलला पुरेसा गॅस मिळत नाही. गॅस कमी, कॉइलला गॅस सोडणारा व्हॉल्व्ह अडकलेला किंवा ड्रायर (गॅसमधलं पाणी आणि कचरा टिपणारी गाळणी) चोक.

खालच्या बाजूला काचेसारखा घट्ट, पारदर्शक बर्फ: वितळलेलं पाणी बाहेर जात नाही. ट्रे किंवा निचऱ्याची नळी तुंबली आहे, किंवा फ्रीझरमध्ये नळीचा हीटर गेला आहे.

पंख्यांच्या जाळीवर आणि छताला बर्फाचे तुरे: डीफ्रॉस्टनंतर पंखे लगेच सुरू होताहेत आणि कॉइलवरची ओल खोलीभर फेकताहेत, किंवा दारातून ओलसर हवा येते आहे.

सगळी कॉइल बर्फाची भिंत झालेली: डीफ्रॉस्ट होतच नाही.

बर्फाची भिंत झाली असेल तर आधी ती पूर्ण उतरवा, नंतर कारण शोधा. कूलिंग बंद करा. चिलरमध्ये पंखे चालू ठेवून दार उघडं ठेवलं की काही तासांत काम होतं. फ्रीझरमध्ये माल हलवून, युनिटचा मुख्य स्विच बंद करून, कोमट पाण्याच्या हलक्या धारेने उतरवा, ट्रेमधलं पाणी वाहतंय ना ते पाहत राहा. स्क्रूड्रायव्हर, हातोडी, गॅसची ज्योत अजिबात नको. पातळ नळीला एक टोचा पडला की साध्या डीफ्रॉस्टच्या तक्रारीची गळतीची तक्रार होते. अर्धवट उतरवलेला बर्फ घट्ट होऊन परत येतो, म्हणून पानांच्या मधोमध बोट घालून कोरडं लागेपर्यंत थांबायचं.

आता डीफ्रॉस्ट हाताने सुरू करा आणि शेजारी उभे राहा. हीटरच्या तारेला क्लॅम्प मीटर लावा. २३० व्होल्टला १००० वॅटचा हीटर साधारण ४.३ अँपिअर घेतो. असे तीन असतील तर १३ यायला हवेत. ८.७ आले तर एक मेलेला आहे. वीज बंद करून, तारा सोडवून ओहम मोजले तर चांगला हीटर ५३ च्या आसपास दाखवेल, तुटलेला काहीच नाही. अर्थिंगकडे गळती आहे का तेही बघा. ओला हीटर एमसीबी पाडतो, मग कोणीतरी एमसीबी कायमचा बंद ठेवतो आणि पंधरा दिवसांनी बर्फाची भिंत उभी राहते.

हीटर चालतात, पण डीफ्रॉस्ट लवकर संपतो? कॉइलमधला समाप्तीचा सेन्सर पाहा. तो साधारण ८ ते १२ अंशांना डीफ्रॉस्ट थांबवतो. क्लिप निसटून तो हीटरला टेकला असेल तर दोन मिनिटांत १० अंश दाखवतो आणि बर्फ तसाच राहतो. तो सर्वात उशिरा वितळणाऱ्या जागी, पानांमध्ये घट्ट बसलेला हवा. उलट, डीफ्रॉस्ट दर वेळी सेन्सरवर न थांबता कमाल वेळेवर, म्हणजे ३० किंवा ४५ मिनिटांवर, थांबत असेल तर एकतर हीटर कमी पडताहेत किंवा हा सेन्सर गेला आहे.

जुन्या खोल्यांत घड्याळी टायमर असतो. त्याची मोटर डीफ्रॉस्टच्या स्थितीत बंद पडली की हीटर चालू, कॉम्प्रेसर बंद, आणि खोली स्वतःच स्वतःला तापवते. चकती हाताने पुढे फिरवल्यावर कूलिंग सुरू झालं तर दोष सापडला, टायमर बदला. याचाच भाऊबंद म्हणजे हीटरच्या कॉन्टॅक्टरचे पॉइंट चिकटणं. कूलिंग चालू असताना हीटरच्या तारेत शून्य अँपिअर हवेत. ४ दिसले तर कॉम्प्रेसर आणि हीटर आपापसांत भांडताहेत आणि वीजबिल दोघांचं तुम्ही भरताय. हे तपासायला अर्धं मिनिट लागतं, तरी क्वचितच कोणी तपासतं.

निचऱ्याच्या नळीला पाण्याचा वाकडा सापळा असतो. तो थंड खोलीच्या बाहेर हवा. सापळा नसेल तर पंखे त्या नळीतून बाहेरची गरम, ओलसर हवा आत ओढत राहतात.

## बाहेरचं युनिट

कॉम्प्रेसर बंद असेल तर विजेच्या वाटेने क्रमाने या: मुख्य पुरवठा, एमसीबी, फेजवर नजर ठेवणारा रिले, कंट्रोलरचा आउटपुट, हाय प्रेशर आणि लो प्रेशर स्विच, ओव्हरलोड, कॉन्टॅक्टर. हे काम विजेचं प्रशिक्षण असलेल्यानेच करावं. कॉन्टॅक्टर ओढला गेला असताना प्रत्येक पोलच्या वरच्या आणि खालच्या टोकांत व्होल्टेज मोजा. जवळजवळ शून्य यायला हवं. पाच-दहा व्होल्ट आले तर पॉइंट जळाले आहेत. तिन्ही फेजचे अँपिअर एकमेकांशी ताडून पाहा. एका फेजमध्ये शून्य असेल तर मोटर दोन फेजवर कण्हते आहे, ताबडतोब बंद करा.

इमारतीत नुकतंच विजेचं काम झालं असेल आणि स्क्रोल प्रकारचा कॉम्प्रेसर मोठा आवाज करत चालतोय, पण दोन्ही गेज एकाच आकड्यावर आहेत, तर फेज उलटा झाला आहे. तो थांबवून दोन तारा बदला. चालवत ठेवाल तर कॉम्प्रेसर जाईल.

हाय प्रेशर स्विच पडलेला असेल तर एकदाच रीसेट करायचा. दुसऱ्यांदा पडला की कंडेन्सर पाहायचा, बटण नाही. पंखा फिरतोय का, पानांत धूळ किंवा तेलकट थर आहे का, समोर खोकी रचली आहेत का, गरम हवा भिंतीला आपटून परत तर येत नाही ना. वीज बंद करून, हवा ज्या बाजूने शिरते त्याच्या उलट बाजूने पाणी मारा. शिरणाऱ्या बाजूने मारलं की धूळ आणखी आत ठासते. प्रेशर गन जवळ नेली तर पानं वाकतात. साधारणपणे कंडेन्सिंगचं तापमान बाहेरच्या हवेपेक्षा १० ते १५ अंश जास्त असतं. २० च्या वर गेलं तर धूळ, पंखा, जास्तीचा गॅस किंवा आत शिरलेली हवा यांपैकी एक आहे.

लो प्रेशरवर थांबलेला कॉम्प्रेसर बऱ्याचदा निर्दोष असतो. लिक्विड लाइनवरच्या (द्रव गॅस नेणाऱ्या नळीवरच्या) सोलेनॉइड व्हॉल्व्हची विजेची कॉइल जळली की व्हॉल्व्ह बंद राहतो, सक्शन (कॉम्प्रेसरकडे परत येणाऱ्या गॅसचा दाब) खाली जातं आणि स्विच आपलं काम करतो. चालू कॉइलच्या माथ्याजवळ लोखंडी स्क्रूड्रायव्हरचं टोक नेलं की खेच जाणवते. नाही जाणवली तर कॉइलला व्होल्टेज येतंय का ते मोजा. व्होल्टेज येत असून खेच नाही, तर कॉइल गेली. चालू कॉइल दांड्यावरून काढून बाजूला ठेवू नका, ती काही क्षणांत जळते.

वीज बराच वेळ गेलेली असेल तर थंड कॉम्प्रेसरच्या तेलात गॅस मुरलेला असतो. क्रॅंककेस हीटर असेल तर त्याला तेल तापवायला काही तास द्या. माल वाचवायच्या घाईत लगेच चालू केलेल्या कॉम्प्रेसरमध्ये तेलाचा फेस होतो आणि बेअरिंग कोरडी पडतात.

## गॅसला सर्वात शेवटी हात लावा

गेज लावण्याआधी कॉइल स्वच्छ, सगळे पंखे चालू, कंडेन्सर धुतलेला आणि दार बंद हवं. कारण साधं आहे. बर्फाने भरलेल्या कॉइलमुळे सक्शन खाली जातं, आणि कमी सक्शन पाहून अनेक मेकॅनिक गॅस भरतात. संध्याकाळी बर्फ वितळतो, कॉइल पुन्हा काम करू लागते, आणि तो जास्तीचा गॅस कंडेन्सरमध्ये साठून दुसऱ्या दिवशी भर दुपारी युनिट हाय प्रेशरवर पाडतो. एक तक्रार होती, दोन झाल्या.

हे काम रेफ्रिजरंट हाताळायचं प्रशिक्षण असलेल्याचं. खालचे आकडे गेजवरचे, म्हणजे वातावरणाच्या दाबाच्या वरचे. ३ अंशांच्या खोलीत कॉइलचं तापमान बहुधा उणे ३ ते उणे ७ असतं, उणे १८ च्या फ्रीझरमध्ये उणे २५ च्या आसपास. आर-४०४ए उणे १० ला साधारण ३.३ बार, उणे २५ ला १.५ बार आणि ४० ला १७ बारच्या थोडा वर. आर-१३४ए उणे १० ला १ बार, ४० ला ९ च्या थोडा वर. प्रोपेन उणे १० ला अंदाजे २.४ बार. आर-४४८ए किंवा आर-४४९ए सारख्या मिश्रणांत एका दाबाला दोन तापमानं असतात: सुपरहीट (कॉइलबाहेर येणारा गॅस उकळण्याच्या तापमानापेक्षा किती गरम आहे) काढताना तक्त्यातला दवबिंदूचा रकाना वापरा, सबकूलिंगला (द्रव झालेला गॅस त्यापुढे किती थंड झाला) बुडबुडबिंदूचा. रकाने उलटे झाले तर उत्तर चार-पाच अंशांनी चुकतं.

सुपरहीट असा काढा. सक्शन गेजवर ३.३ बार, आर-४०४ए, म्हणजे उणे १०. कॉइलच्या बाहेर येणाऱ्या नळीवर चिकटवून गुंडाळलेला थर्मामीटर उणे ४ दाखवतो. फरक ६ अंश. ५ ते ८ मध्ये असेल तर कॉइल नीट भरते आहे. १५ आला तर कॉइल उपाशी आहे. १-२ आला आणि कॉम्प्रेसरपर्यंत नळी बर्फाळलेली असेल तर द्रव परत येतोय. तेव्हा हवा कमी आहे, किंवा व्हॉल्व्ह जास्त उघडा आहे.

सुपरहीट जास्त आणि लिक्विड लाइनवरच्या तपासणीच्या काचेत बुडबुडे: गॅस कमी असण्याची शक्यता मोठी, पण आधी ड्रायरच्या दोन्ही टोकांना हात लावा. बाहेरचं टोक दोन-तीन अंशांनीही थंड असेल तर ड्रायर चोक आहे. सुपरहीट जास्त आणि काच स्वच्छ: एक्स्पान्शन व्हॉल्व्हकडे (कॉइलला गॅस मोजून सोडणाऱ्या व्हॉल्व्हकडे) बघा. त्याचा फुगा (नळीचं तापमान ओळखणारी कुपी) नळीवरून सोडून मुठीत धरला की सक्शन चढलं पाहिजे. काहीच हललं नाही तर फुग्यातला गॅस गेला आहे किंवा व्हॉल्व्ह अडकला आहे. व्हॉल्व्हवर गरम पाण्यात भिजवलेलं फडकं ठेवताच आवाज येऊन सक्शन उसळलं, तर तोंडाशी बर्फाचा कण आहे, म्हणजे सिस्टिममध्ये पाणी. तिथे ड्रायर बदलून, व्हॅक्यूम ओढून, नव्याने गॅस भरावा लागतो. फडक्याने काम चालवू नका.

सक्शन जास्त, डिस्चार्ज (कॉम्प्रेसरमधून बाहेर पडणाऱ्या गॅसचा दाब) कमी, कॉम्प्रेसर चालू आणि अँपिअर कमी: कॉम्प्रेसरच्या आतली गळती. पिस्टनचा कॉम्प्रेसर असेल तर लिक्विडचा व्हॉल्व्ह बंद करून सक्शन किती उतरतं ते पाहा. ते झपाट्याने खाली जाऊन, कॉम्प्रेसर थांबवल्यावर तिथेच टिकलं पाहिजे. थांबवताच वर येऊ लागलं तर कॉम्प्रेसरमधल्या व्हॉल्व्हच्या प्लेटा गेल्या असाव्यात. पण त्याआधी एकदा थांबवून पुन्हा उतरवा, कारण तेलात मुरलेला गॅसही पहिल्यांदा असाच वर येतो. स्क्रोल कधीही व्हॅक्यूममध्ये ओढू नका.

गॅस कमी निघाला तर गळती सापडेपर्यंत भरू नका. बंद नळ्यांतला गॅस 'संपत' नाही, बाहेर जातो. तेलाचा डाग असलेले जोड आधी पाहा, मग साबणाचं पाणी, मग डिटेक्टर.

## दुरुस्तीनंतर

कूलिंग सुरू करून दर दहा मिनिटांनी हवेचा आकडा लिहा. रिकाम्या किंवा अर्ध्या खोलीत पहिल्या अर्ध्या तासात उतार स्पष्ट दिसायला हवा. भरलेल्या खोलीत हवा आधी उतरते, मग मालाची उष्णता बाहेर येत असल्याने बराच वेळ एका जागी रेंगाळते. हे रेंगाळणं पाहून पुन्हा गॅसला हात लावू नका. एक पूर्ण डीफ्रॉस्ट डोळ्यांसमोर होऊ द्या: हीटरचे अँपिअर, सेन्सरवर थांबला की कमाल वेळेवर, ट्रेमधून पाणी गेलं का, पंखे कॉइल पुन्हा गोठल्यावरच सुरू झाले का.

गडबडीत कोणी मर्यादा ८ ची १५ केली असेल किंवा विलंब वाढवला असेल तर तो पूर्ववत करा. मग अलार्मच तपासा. सेन्सर कोमट पाण्याच्या पेल्यात बुडवा आणि घड्याळ लावा. ठरलेल्या मिनिटांनी भोंगा वाजला पाहिजे आणि ज्याच्या फोनवर संदेश जायला हवा त्याच्या फोनवर तो खरोखर गेला पाहिजे. ही चाचणी शक्यतो रात्रपाळीत करा, म्हणजे तेव्हा तो फोन कोण उचलतं तेही कळेल. पेला बाजूला करून सेन्सर पुसा, जागेवर क्लिपमध्ये बसवा आणि डिस्प्ले पुन्हा खोलीच्या तापमानावर आला की वेळ नोंदवहीत लिहा.